कापलेल्या काठाचं पुस्तक

प्रिय मामा,

आज दुपारी दुकानात एक मुलगी आली होती. नेहा नाव तिचं, कॉलेजात आहे. तिच्या हातात सी लँग्वेजची दोन पुस्तकं होती, दोन्ही जुनी, मैत्रिणींकडून आणलेली. एकाची पानं सुटली होती. म्हणाली, "दोनों में से जो अच्छी होगी उसकी बाइंडिंग करा लूँगी. पर समझ में नहीं आ रहा कौन सी अच्छी है."

मी काय केलं माहिती आहे? तुम्ही करायचे तेच. दोन्ही पुस्तकं पाठीवर उभी धरली आणि सोडली. कुठे उघडतात ते बघितलं. मग बंद करून काठ बघितले, कुठपर्यंत काळे आहेत. मग शेवटची पानं. आणि तिला सांगितलं, "ये वाली रखो."

ती बघतच राहिली. "कैसे पता चला तुमको?"

आणि मी म्हणाले, "ऐसे ही."

ऐसे ही. मामा, तुमचं नाव माझ्या जिभेपर्यंत आलं होतं आणि मी ते परत गिळलं. दुसऱ्यांदा. म्हणून हे लिहायला बसले. तुमच्यासमोर कधी दोन वाक्यं धड बोलले नाही, आता लिहून काय होणार, मला माहिती नाही. पण आता आत ठेवून चालणार नाही.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात सगळे ओरडले. बाबा, काका, सगळे. तुम्ही एकटे नाही ओरडले. वर्गात उभं राहून वाचायला सांगितलं की माझा आवाजच निघायचा नाही, मुलं हसायची, आणि एक दिवस मी गेलेच नाही. मग दुसऱ्या दिवशी पण नाही. तुम्ही आमच्या फोपनारला आईला भेटायला आला होता, परत निघताना मला म्हणाले, "चल, माझ्यासोबत शहरात, राजपुऱ्यात चल. दुकानात बसशील. तिथे कोणी वाचायला नाही सांगणार. तिथे पुस्तकं फक्त शिवायची."

मामी म्हणाली होती, "पोरीची जात, खळीत हात घालून बसेल काय दिवसभर?" तुम्ही म्हणालात, "तू नाही का कणकेत घालत?" मामी तीन दिवस तुमच्याशी बोलली नाही.

मला दुकान आवडलं. खरं सांगते. खळीचा वास, पुठ्ठ्यांची थप्पी, ते मोठं कटिंग मशीन, ज्याला तुम्ही म्हातारा म्हणायचे. "म्हाताऱ्याजवळ बोट नेऊ नको, त्याला दिसत नाही." आणि तुम्ही मला जुजबंदी शिकवली, आठ आठ पानांचे गठ्ठे दोऱ्याने एकमेकांत शिवायची. पहिल्या दिवशी मी चुकीचं शिवलं आणि रडायला लागले. तुम्ही तो दोरा ओढून काढला, सगळे गठ्ठे परत मोकळे केले आणि माझ्यापुढे ठेवले. "आता अजून एकदा चुकीचं शिव. मुद्दाम. बघू दे कसं होतं." मला वाटलं तुम्ही चिडवताय. चिडवत नव्हते ना?

तुम्ही चौथी शिकलेले. मराठी वाचायचे, हिंदी वाचायचे, इंग्रजीचे फक्त आकडे. पण पुस्तक हातात आलं की तुम्ही त्याच्याबद्दल असं बोलायचे जसं एखाद्या माणसाबद्दल बोलतो. "हे दोघांनी वाचलंय. एक डावखुरा होता." मी विचारायचे, कसं काय? तुम्ही पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावरचा अंगठ्याचा डाग दाखवायचे.

मग गल्लीत कॉम्प्युटर क्लास उघडला. तिथली मुलं-मुली पुस्तकं बांधायला आणायची. मी पडद्याआडून त्यांच्या गप्पा ऐकायचे. प्रोग्राम चालला, प्रोग्राम नाही चालला. एरर आली. मला वाटायचं, हे असं काम आहे ज्यात कोणासमोर उभं राहून वाचावं नाही लागत. मशीनशी बोलायचं, ते पण टाइप करून. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं? एक दिवस तुम्ही सरळ क्लासच्या सरांकडे गेले आणि परत येऊन म्हणाले, "सोमवारपासून दुपारी जायचं. त्यांच्या सगळ्या रजिस्टरांची बाइंडिंग आपण करणार, ते तुला शिकवणार. ठरलं."

पुस्तक पाहिजे होतं. क्लासमध्ये सगळ्यांकडे एकच होतं, जाड, चकचकीत, वर निळा कॉम्प्युटर आणि पंधरा दिवसांत शिका असं लिहिलेलं. मला तेच पाहिजे होतं. आपल्या रद्दीवाल्याकडे पण ते मिळत होतं, एक नाही, चार. तुम्ही चारही उचलून आणली आणि माझ्यापुढे ओळीत ठेवली.

"काठ बघ," तुम्ही म्हणाले.

चारही पुस्तकांचे काठ सुरुवातीला जेमतेम नखभर काळे होते आणि पुढे पांढरे. एकदम कोरे.

"काय दिसतं?"

"अर्धवट सोडलंय."

"अर्धवट नाही. पहिल्या चाळीस पानांतच. हा पण पळाला, हा पण, ही पण. सगळे एकाच जागेवरून."

मी म्हणाले, "मामा, माणसंच आळशी असतील तर?"

"एक असेल आळशी. चौघं आळशी, ते पण एकाच पानावर? मग आळस त्यांचा नाही, पुस्तकाचा आहे."

आणि मग तुम्ही ते दुसरं काढलं. मळकं, बुटकं, कव्हर नाही, पहिलं पान पण नाही. काठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळा. तुम्ही ते पाठीवर उभं करून सोडलं, ते मधे उघडलं. परत सोडलं, दुसरीकडे उघडलं. "बघ, जागोजागी थांबलाय माणूस. आणि हे मागचं बघ." मागे ती यादी असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे त्याची, ती पानं सगळ्यात जास्त मळलेली होती. "म्हणजे वाचून झाल्यावर पण परत परत आलाय शोधायला. असं पुस्तक रद्दीत फार कमी येतं. हे घे."

आणि मी काय बोलले? तुम्हाला आठवत असेल. मला रोज आठवतं.

"मामा, तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही. तुम्ही काय सांगता पुस्तक कोणतं चांगलं?"

दुकानात तेव्हा शेजारचे झेरॉक्सवाले भाऊ उभे होते. ते खाली बघायला लागले. तुम्ही हसले नाही, रागावले पण नाही. "हो, ते पण आहे," असं म्हणाले आणि ब्रश खळीत बुडवला.

तुम्ही मला दोन्ही दिली, चकचकीत पण आणि मळकं पण. मळक्याला तुम्ही स्वतः नवीन पुठ्ठा लावला, मरून कापड लावलं. फक्त काठ तसाच ठेवला. मी म्हणाले काठ कापून द्या, तर म्हणाले, "याचा नाही कापायचा."

तुम्ही जेवायला गेले आणि मी म्हाताऱ्याचा दांडा ओढला.

मला त्या काळ्या काठाची लाज वाटत होती, मामा. क्लासमधल्या मुलींसमोर ते पुस्तक बॅगेतून काढायचं, ह्या विचारानेच कानशिलं तापायची. दाबाचं चाक फिरवलं, पुस्तक घट्ट दाबलं, आणि अर्धं बोट काठ कापून टाकला. मग वरचा, खालचा पण. पांढरं शुभ्र झालं. मला इतकं बरं वाटलं तेव्हा.

तुम्ही आले. पुस्तक उचललं, उघडलं, दोन-तीन पानं उलटली. मग जमिनीवर पडलेली कात्रणं बघितली.

"किती घेतलंस?"

"अर्धं बोट."

"त्याच्यावर कोणीतरी लिहिलं होतं गं, वैशू."

"पेन्सिलने घाण केली होती नुसती," मी म्हणाले.

तुम्ही मला चहा आणायला पाठवलं. आले तर जमीन साफ होती. झाडू मारायचं काम माझं होतं, तुम्ही स्वतः केलं, म्हणजे तुम्ही खूप रागावलात असं मी समजले. आणि खरं सांगू का, तुम्ही रागावलात म्हणून मीच तुमच्यावर रुसले.

इतकं करून मी ते पुस्तक क्लासला नेलंच नाही. चकचकीत नेलं.

आता ती गोष्ट लिहायची आहे जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

क्लासचा दुसरा आठवडा होता. दार उघडं होतं. सर फळ्यावर लिहीत होते. आणि तुम्ही दारात उभे राहिले. शर्टाची बाही वर, बोटांवर सुकलेली खळ, पायात ती अंगठा तुटलेली चप्पल. हातात पेपरमध्ये गुंडाळलेलं पुस्तक. तुम्हाला वाटलं मी विसरले.

फीचं ठरलं तेव्हा तुम्ही मोठ्या सरांशी बोलला होता. हे दुसरे होते, नवीन. ते म्हणाले, "हाँ जी, किससे काम है?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं. सगळ्या मुलींनी माझ्याकडे बघितलं.

सर मला म्हणाले, "वैशाली, जानती हो इनको?"

आणि माझा आवाज, जो शाळेत कधी निघाला नाही, तो तेव्हा एकदम साफ निघाला. "बाइंडिंगवाले हैं सर. किताब देने आए होंगे."

तुम्ही एक सेकंद पण नाही थांबले. "हाँ सर, किताब देनी थी. बाइंडिंग हो गई." पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गेले. सरांनी पेपर सोडून बघितलं, "बहुत पुरानी है," म्हणाले, आणि माझ्याकडे सरकवलं.

संध्याकाळी मी दुकानात आले. वाटलं तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही बोलला असता तर किती बरं झालं असतं. तुम्ही म्हणाले, "तिथे पंखा चांगला आहे गं. हवा लागते चांगली." बस. आणि मला पुठ्ठे मोजायला दिले.

का नाही बोलले, मामा? एक शिवी द्यायची होती. मामीसमोर सांगायचं होतं. मला माफी मागायला जागा तरी झाली असती. तुम्ही ती गोष्ट अशी गुंडाळून ठेवली की मला ती कधी उघडताच आली नाही.

पुढचं तुम्हाला माहिती आहे, किंवा नाही पण. मी सांगितलं होतं क्लास संपला. क्लास संपला नव्हता. त्या चकचकीत पुस्तकात तिसऱ्या धड्यानंतर मला काहीच कळेना. ते एक शब्द वापरायचं आणि त्याचा अर्थ शंभर पानं पुढे सांगायचं. जसं लिहिलंय तसं टाइप केलं तरी एरर यायची, आणि एरर आली तर काय करायचं हे त्यात कुठेच नव्हतं. त्या पुस्तकात कोणाचं कधी चुकतच नाही. मला वाटलं माझ्यातच खोट आहे. सरांना विचारायला तोंड नाही. एक दिवस सरांनी मला उभं केलं, पाठ केलेला प्रोग्राम मी फळ्यावर लिहिला. त्यांनी त्यातला एक आकडा बदलला आणि विचारलं, अब क्या आएगा? मी खडू खाली ठेवला. मग दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. शाळेसारखंच.

नंतर एकदा मी ते जाड पुस्तक उभं धरून सोडलं. ते अडतिसाव्या पानावर उघडलं. मीच उघडलं होतं तिथे, रडत रडत, किती वेळा. त्या चौघांसोबत पाचवी.

तुम्ही विचारलं नाही क्लास इतक्या लवकर कसा संपला. "बरं," म्हणाले. आणि थंडीत एक दिवस छातीत दुखतं म्हणून बाबा तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेले, आणि तुम्ही स्वतःच्या पायाने परत आले नाहीत.

दुकान मामी आणि मी चालवतो. मामी खळीत हात घालते आता. कोणी काही बोललं तर म्हणते, "कणकेत नाही का घालत?" आणि मग आत जाते थोडा वेळ.

उन्हाळ्यात काम नसतं. एकदा सहज ते मरून कापडाचं पुस्तक हातात आलं. मी तुमच्यासारखं पाठीवर उभं करून सोडलं. उघडलं तिथे एक छोटा प्रोग्राम होता, पाच-सहा ओळींचा, आणि खाली लिहिलं होतं की आता यातला एक अर्धविराम मुद्दाम काढून टाका आणि बघा मशीन काय म्हणतं. मग तो परत लावा, दुसरं काहीतरी मोडा.

मुद्दाम चुकीचं करा, असं पुस्तक सांगत होतं. हे मला कोणीतरी आधी सांगितलं होतं.

मग मी झेरॉक्सवाल्या भाऊंना विचारलं, दुपारी त्यांचा कॉम्प्युटर रिकामा असतो, तासभर बसू का. ते म्हणाले, "तेरे मामा ने तो कब का बोल के रखा है. तू ही नहीं आई." हे पण तुम्ही सांगितलं नव्हतं.

मी ते पुस्तक पहिल्या पानापासून करतेय. हळूहळू. चाललंय माझं, मामा. आणि एक सांगू, तुमची परीक्षा बरोबर होती पण अर्धी होती. काठ बघून कळतं की माणूस शेवटपर्यंत गेला. कशाने गेला ते आतून वाचून कळतं. हे पुस्तक आधी थोडंसं चालवून दाखवतं, मग मोडायला लावतं, मग मोडलेलं कसं दिसतं ते छापून दाखवतं, म्हणजे स्क्रीनवर तेच आलं की भीती नाही वाटत. ते मी तुम्हाला वाचून सांगितलं असतं. तुम्ही काठ बघितला असता, मी आतलं. दोघांनी मिळून किती पुस्तकं बघितली असती. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं तर मला येत होतं ना थोडं? एवढंच करायचं होतं मी.

पण त्या पुस्तकात प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलने कोणीतरी हिंदीत लिहिलंय. जिथे अवघड आहे तिथे समजावून. आणि प्रत्येक ओळ अर्धी आहे. "पहले इसको चला के..." पुढे काठ. "यहाँ दो बार गलती..." पुढे काठ. पुढचं मी कापलं. घाण म्हणून.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पूजेसाठी म्हातारा पुसायला घेतला. दरवर्षी तुम्ही पुसायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाही. खालचा खण मी पहिल्यांदा उघडला. आत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमधे एक थप्पी होती, बांधायच्या दोऱ्याने बांधलेली. वर तुमच्या अक्षरात, मराठीत, वैशूचं पुस्तक.

ती कात्रणं होती. सगळी. एकावर एक, पानांच्या क्रमाने, प्रत्येक अर्ध्या बोटाचं, कडा काळ्या. आणि सोबत पातळ कागदाच्या पट्ट्या, चिकटवायला कापून तयार ठेवलेल्या.

म्हणजे तुम्ही झाडू मारलाच नव्हता. मी चहा आणेपर्यंत तुम्ही गुडघ्यावर बसून ती उचलली. वाचता येत होतं तुम्हाला, हिंदी होतं ना ते. वाचलं असेल. सगळी तयारी करून ठेवली, फक्त पुस्तक माझ्याकडे होतं आणि तुम्ही ते मागितलं नाही. मागितलं असतं तर क्लासचा विषय निघाला असता, म्हणून ना?

मामी म्हणाली, "काय सापडलं गं?" मी म्हणाले, काही नाही, कात्रणं. झेंडूचं फूल वाहिलं मशीनला आणि थप्पी वरच्या फळीवर ठेवली. दोरा सोडायची हिंमत झाली नाही.

आणि आज, त्याच फळीखाली उभी राहून, ती थप्पी माझ्या डोक्यावर असताना, मी त्या नेहाला म्हणाले, ऐसे ही. तिला मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? ती हसली असती? ती तर विचारत होती बिचारी. मला आता कोणाची लाज वाटत होती, तेच कळत नाही. सवय झालीय लपवायची, बहुतेक.

मामा, नेहा पुस्तक ठेवून गेलीय. उद्या दुपारी न्यायला येणार आहे. मी ते शिवलंय, पक्कं. काठ नाही कापला. ती विचारेल, साफ का नाही केलं. तेव्हा मी तिला सांगणार आहे की हा काळा काठच बघायचा असतो, आणि हे मला माझ्या मामांनी शिकवलं, ते चौथी शिकले होते, हेच त्यांचं दुकान. आवाज नाही निघाला तर थांबेन आणि परत सांगेन. मग दुकानातून सरळ क्लासमध्ये जाणार आहे. ते सर अजून आहेत. ते विसरले असतील, पण त्या दिवशी दारात कोण होतं ते मला सांगायचंय.

आणि दोरा आत्ता सोडलाय. पहिलं कात्रण समोर आहे. हात धुऊन घेतलेत. रोज दोन पानं जोडेन, क्रमाने, तुमच्या पट्ट्यांनी. पहिल्या पानाची ओळ पूर्ण झाली. "पहले इसको चला के देख, समझ बाद में आएगी."

खळ वाळतेय. उद्या दुपारी लक्ष ठेवा.

तुमची,
बाइंडिंगवाल्यांची भाची,
वैशू